मदत हवी आहे: इतके जे एकाच दिशेने का चाललेत?

घाईत_आहे
दोन दिवस सकाळी बाल्कनीतून बघतेय, जे पक्षी चाललेत. काल 41, आज 63. पक्षी नोंदवायचं ॲप म्हणतं हा बारमाही इथलाच. यादी टाकली तर तपासणाऱ्यांनी प्रश्नचिन्ह लावलं, 'तेच पक्षी पुन्हा पुन्हा मोजले का?' आज रात्रीपर्यंत उत्तर द्यायचंय. 'गूगल करा' सांगू नका, केलंय.

वांगीभात
जे म्हणजे कुठले जे? वाक्य अर्धवट राहिलंय का?

घाईत_आहे
पक्ष्याचं नावच जे! गुलाबीसर तपकिरी अंग, पंखावर निळी पट्टी.

अण्णा_भिगवण
अहो नीळकंठ तो. आमच्या मास्तरांनी ब्लू जे असंच शिकवलं होतं. दसऱ्याला एक दिसला तरी शुभ, तुम्हाला 63!

पानगळ
अण्णा, इंग्रज त्याला ब्लू जे म्हणायचे खरे, पण नीळकंठाचं कूळ वेगळं. जे कावळ्याच्या कुळातला, आपल्या टकाचोराचा भाऊबंद. आपल्याकडे तो हिमालयात भेटतो, महाराष्ट्रात नाही.
ताई, तुम्ही आहात कुठे? कुठल्या दिशेला चाललेत? परत येताना दिसले का? गळा फुगलेला होता का?

घाईत_आहे
स्टुटगार्टजवळ, प्रोफाइलमध्ये आहे की. दिशा नैऋत्य. गळ्याचं काय मध्येच?

मावशी_म्युनिक
जर्मनीत आहात तर हिवाळी टायर बसवले का? ऑक्टोबर ते ईस्टर, लक्षात ठेवा. आमच्या ह्यांनी गेल्या वर्षी आळस केला, मग महिनाभर वर्कशॉपची वेळ मिळेना.

पानगळ
गळ्याचं अशासाठी, की शरद ऋतूत जे ओकची फळं गळ्याच्या पिशवीत भरून नेतात आणि जमिनीत पुरतात. एक पक्षी हंगामात हजारो पुरतो. त्या खेपा असतील तर तोच पक्षी दिवसभर ये-जा करणार आणि तपासणाऱ्यांची शंका रास्त ठरणार. गळा रिकामा, सगळे एकाच दिशेला आणि परत कुणीच नाही, तर ते खरोखर निघालेत.

हवामान_वेडा
सरळ आहे, यंदा थंडी कडक पडणार. पक्ष्यांना आधी कळतं.

पानगळ
पुढची थंडी नाही हो कळत. यंदा ओकला फळ धरलं की नाही, एवढंच कळतं. एखाद्या वर्षी फळ उदंड येतं, पक्षी वाढतात. पुढच्या वर्षी झाडं रिकामी, की उत्तरेकडचे आणि पूर्वेकडचे जे पोटासाठी बाहेर पडतात. 1983 च्या शरदात ब्रिटनमध्ये असेच लोंढे आले होते. 1968 ला सायबेरियातले नटक्रॅकर (हेही कावळ्याच्या कुळातलेच पक्षी) पश्चिम युरोपभर पसरले, तेही पाइनच्या बिया न धरल्यामुळे.

हवामान_वेडा
माझ्या आजोबांचा अंदाज कधी चुकला नाही.

सोलापुरी_हुरडा
आमच्याकडे भोरड्या येतात मध्य आशियातून, ज्वारीवर. थवा वळला की आभाळ काळं होतं. गोफण फिरवून खांदा जातो. त्यांना कुणी ॲपवर प्रश्नचिन्ह लावत नाही.

वांगीभात
हुरड्याचा विषय निघालाच आहे तर यंदा कुठे भेटेल?

घाईत_आहे
हुरडा नंतर!! आज सात ते नऊ बसले होते. एकामागे एक, मध्ये बरंच अंतर, पंख जड मारत. मागून पांढरा कमरेचा ठिपका दिसायचा. 63 पैकी परत एकही आला नाही. गळा फुगलेला वाटला नाही, पण दुर्बिणीतून चार-पाचच नीट दिसले.

पानगळ
मग हेच असंच्या असं लिहा. वेळ, दिशा, परत कुणी नाही, गळा फक्त चार-पाचांचा पाहिला. कारण ओकचं असावं असं लिहा, नक्की म्हणू नका. आणि उद्याही त्याच जागी बसा.

घाईत_आहे
लिहिलं. पण आत्ता कढीपत्त्याच्या कुंडीत बोट घातलं तर ओकचं फळ निघालं. मग झाडांना फळच नाही कसं?

पानगळ
ते तुमच्या अंगणातल्या जेचं. प्रवासी वेगळे, घरचा वेगळा. त्याला 63 मध्ये धरलं नाही ना?

घाईत_आहे
… बहुतेक 62.