हॅकनी डाउन्स : शाळा बंद करणे हाच उपाय होता का?

पूर्वरंग

पूर्व लंडनमधील हॅकनी डाउन्स या शाळेविषयी हल्ली एक सोपी कथा सांगितली जाते. १९९५ मध्ये सरकारने एक नापास शाळा बंद केली, २००४ मध्ये त्याच जागेवर मॉसबोर्न अकॅडमी (सरकारी खर्चाने, पण कौन्सिलच्या ताब्याबाहेर चालणारी शाळा) उभी राहिली आणि त्याच वस्तीतली मुले केंब्रिजला जाऊ लागली. म्हणून शाळा बंद केली हे योग्यच झाले. हा निष्कर्ष मला मान्य नाही.

लंडनच्या ग्रोसर्स कंपनी या जुन्या व्यापारी संघाने १८७६ मध्ये मुलग्यांसाठी ही शाळा काढली आणि १९०६ मध्ये ती लंडन काउंटी कौन्सिलकडे गेली. पूर्व युरोपातून स्थलांतर करून आलेल्या ज्यू कुटुंबांतली मुले येथे मोठ्या संख्येने शिकली. शिंप्याचा मुलगा असलेले नाटककार हॅरॉल्ड पिंटर हे त्यांपैकीच, आणि जोसेफ ब्रियर्ली या इंग्रजीच्या शिक्षकांचे ऋण त्यांनी आयुष्यभर मानले. ही शाळा तेव्हा निवडक मुलांना घेणारी ग्रामर स्कूल होती, हे मात्र विसरता कामा नये. पुढे ती सर्वांना प्रवेश देणारी कॉम्प्रिहेन्सिव्ह झाली, आणि नेमक्या त्याच काळात तिचे बळ ओसरत गेले. १९६३ च्या आगीत इमारतीचे मोठे नुकसान झाले होते, नंतर इमारतीतील ॲस्बेस्टॉस या आरोग्याला घातक पदार्थाचा प्रश्न उभा राहिला, १९९० मध्ये इनर लंडनचे शिक्षण प्राधिकरण बरखास्त होऊन शाळा हॅकनी कौन्सिलकडे, म्हणजे त्या भागाच्या पालिकेकडे आली आणि मुख्याध्यापक पाठोपाठ बदलत राहिले. जागा रिकाम्या असल्यामुळे इतर शाळांनी काढलेली मुलेही येथेच येत. ज्या शाळेकडे सर्वांत कठीण काम सोपवले, तिलाच देशातील सर्वांत वाईट शाळा ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

कृष्णाकाठ

आपण शाळेवरील अन्यायाविषयी लिहिले आहे. मला त्या मुलांची काळजी अधिक वाटते. १९९४ च्या तपासणीत शाळा अपयशी ठरली, शेवटी पट जेमतेम दोनशेच्या आसपास उरला आणि दर विद्यार्थ्यामागचा खर्च इतर शाळांहून पुष्कळ जास्त होता. म्हणजे केवळ पैशांच्या अभावी ती बुडाली असे म्हणता येत नाही. कौन्सिलने आधी बंद करण्याचे ठरवले आणि जून १९९५ मध्ये तो निर्णय फिरवला. अशा वेळी शिक्षणमंत्री गिलियन शेपर्ड यांनी १९९३ च्या शिक्षण कायद्याचा आधार घेऊन शाळेचे पुढे काय करायचे हे ठरवण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले, यात मला काही गैर दिसत नाही. अकरा वर्षांच्या मुलाची पाच वर्षे परत मिळत नाहीत. शाळा सुधारेल या आशेवर ती खर्ची घालण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पूर्वरंग

मुलांचाच विचार करायचा, तर तारखा पाहाव्यात. मंडळ जुलैमध्ये नेमले गेले, त्यानंतर शाळेला उन्हाळी सुट्टी लागली, आणि ऑक्टोबरअखेर बंद करण्याची शिफारस झालीसुद्धा. पालक न्यायालयात गेले, तेथेही त्यांना यश आले नाही. ३१ डिसेंबरला, म्हणजे शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर, शाळा बंद झाली. ज्या मुलांची जीसीएसई, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या सुमारास द्यायची शालान्त परीक्षा, पुढच्या उन्हाळ्यात होती, त्यांना होमर्टन हाउस या दुसऱ्या शाळेत नवे शिक्षक आणि नवे वर्ग यांच्याशी जुळवून घ्यावे लागले. मुलांच्या हिताची एवढी चाड होती, तर निदान १९९६ च्या जुलैपर्यंत थांबायला हवे होते.

सायली_त

तारखांबद्दलचा आक्षेप रास्त आहे, पण त्यामुळे मूळ निर्णय चुकीचा ठरत नाही. मॉसबोर्नचे मुख्याध्यापक मायकेल विल्शॉ यांनी कडक शिस्त, गणवेश, शाळेनंतरचे जादा वर्ग आणि प्रत्येक मुलाकडून मोठ्या अपेक्षा यांच्या बळावर हॅकनीतल्याच मुलांना घडवले. २००९ मध्ये पहिल्या तुकडीने जीसीएसई दिली, तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक मुलांना पाच किंवा अधिक विषयांत चांगल्या श्रेणी मिळाल्या. गरीब वस्तीतली मुले शिकू शकत नाहीत, ही समजूत या शाळेने खोटी ठरवली, आणि जुन्या शाळेची कैफियत नेमकी त्याच समजुतीवर उभी होती.

पूर्वरंग

विल्शॉ यांच्या कामाविषयी मला आदर आहे; आक्षेप आहे तो तुलनेला. मॉसबोर्न केवळ अकरा वर्षांच्या मुलांची एक तुकडी घेऊन सुरू झाली आणि दर वर्षी एकेक इयत्ता वाढवत गेली. तिची इमारत वास्तुविशारद रिचर्ड रॉजर्स यांच्या कार्यालयाच्या आराखड्यानुसार दोन कोटी पौंडांहून अधिक खर्चात उभारली गेली. प्रवेश देताना क्षमतेनुसार गट पाडून प्रत्येक गटातली मुले घेतली जात, त्यामुळे वर्गात सर्व तऱ्हेची मुले येत. शिवाय सुरुवातीची सात-आठ वर्षे एकच मुख्याध्यापक टिकले. हॅकनी डाउन्सला यांतले काहीही मिळाले नव्हते.

कृष्णाकाठ

आपण जे सांगता, त्यातून माझेच म्हणणे सिद्ध होते. नवी तुकडी, नवे शिक्षक, नवी प्रवेशपद्धती, हे सारे जुनी शाळा चालू ठेवून घडणे शक्यच नव्हते. कौन्सिल, शिक्षक आणि व्यवस्थापन यांच्यातील भांडणे इतकी मुरली होती की कितीही निधी दिला तरी तो त्यातच जिरला असता.

पूर्वरंग

तसे असेल तर बंद करण्याबरोबरच नव्या शाळेची योजना हातात असायला हवी होती. प्रत्यक्षात मॉसबोर्न उघडेपर्यंत आठ वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि त्या वर्षांत अकरा वर्षांची झालेली हॅकनीतील मुले या यशकथेत कुठेच येत नाहीत. ज्या होमर्टन हाउसमध्ये मुलांना पाठवले, तीही पुढे टिकली नाही. २००९ मध्ये तिच्याही जागेवर नवी अकॅडमी उभी राहिली.