फोन-टॅबवर कोणतं काम जमलं, कोणतं अडलं? आपापला अनुभव सांगा

मी नागपुरात मानेवाड्याला घरीच दहावीच्या गणिताचे वर्ग घेते. २०१४ साली बर्डीवरून घेतलेला डेस्कटॉप अजून चालतोय, पण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. माझा चौथ्या पिढीचा. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, नवीनच घ्या आता." मुलगी म्हणते, "आई, कशाला एवढा पसारा? टॅब घे, कीबोर्ड जोड, झालं."

२०१०मध्ये आयपॅड आला, त्याच वर्षी स्टीव्ह जॉब्स यांनी पीसीला ट्रकची उपमा दिली होती. देश शेतीचा होता तेव्हा सगळ्या गाड्या ट्रकच असायच्या. शहरं वाढली तशा मोटारी आल्या. ट्रक पुढेही राहतील, पण थोड्या लोकांनाच लागतील, असं त्यांचं म्हणणं. या गोष्टीला पंधरा वर्षं होऊन गेली. नागपुरात ट्रकवाचून कोणाचं अडतं आणि मोटारीत कोणाचं भागतं, हे मला ऐकायचंय. नुसतं मत नको, काम सांगा. काय करायला घेतलं आणि हात कुठे थांबला?

सुरुवात माझ्यापासून. भाच्याचा टॅब आठ दिवस मागून आणला आणि त्यावर वर्तुळाच्या प्रकरणाचा पेपर काढायला बसले. पेनने वर्तुळ, त्याची स्पर्शिका, बाहेरचा बिंदू, सगळं इतकं सुरेख आलं की डेस्कटॉपवर मला तसं कधी जमलं नव्हतं. पण आकृती प्रश्नाशेजारी बसवली की खालचे प्रश्न पुढच्या पानावर पळायचे. शिवाय मी नवा पेपर काढते तो जुन्या चार-पाच पेपरांतून वेचून. डेस्कटॉपवर सगळ्या खिडक्या शेजारी उघड्या असतात. टॅबवर एक पेपर पाहायचा, प्रश्न उचलायचा, परत यायचं, तोवर कुठला प्रश्न आधीच घेतला ते विसरायचं. तासाभराच्या कामाला साडेतीन तास लागले. मुलीला वाटतं, सवयीचा प्रश्न आहे. असेलही, म्हणूनच विचारते आहे.

महाल, लग्नपत्रिका आणि डीटीपी

बावीस वर्षं या धंद्यात आहे. फोनने माझं काम वाढवलं आणि अर्धं काढूनही घेतलं, दोन्ही खरं.

आधी काढून घेतलं ते. साखरपुडा, बारसं, वास्तू यांच्या पत्रिका आता लोक फोनवरच करतात आणि फोनवरच पाठवतात. छापत नाहीत. लग्नाच्या छापतात, पण पाचशेच्या जागी दीडशे. मूळ पत्रिका देवापुढे ठेवायला आणि मानाच्या घरी द्यायला.

आता काम वाढलं ते कसं. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं, तो युनिकोडमध्ये. माझ्या कोरलड्रॉच्या फायली श्रीलिपी या जुन्या फॉन्टांतल्या, ज्यांची अक्षरं युनिकोडशी जुळत नाहीत. मधे कन्व्हर्टर लागतो आणि तो नेमका जोडाक्षरांत मार खातो. मागच्या हंगामात "समस्त वऱ्हाडी मंडळींस" या ओळीतला 'ऱ्हा' मोडून र आणि हा वेगळे पडले होते. पाच वेळा डोळ्यांखालून गेलं, सहाव्यांदा आमच्या सौभाग्यवतीने पकडलं. फोनच्या पडद्यावर ते कोणालाच दिसलं नसतं.

रंगाचंही तसंच. फोनवरचा हळदीचा पिवळा उजळ दिसतो कारण पडद्यामागे उजेड आहे. कागदावर चार शायांत तो उतरतो तेव्हा थोडा बसतो. लोक फोन पुढे धरून म्हणतात, "भाऊ, असाच पाहिजे." तसा येऊच शकत नाही. म्हणून मी आधी एक प्रत छापून हातात देतो आणि मगच पुढे जातो. एवढं मात्र सांगतो, प्रूफ दाखवायला फोनसारखं काही नाही. पूर्वी नवरदेवाचा बाप सक्करदऱ्याहून तीन चकरा मारायचा, आता घरबसल्या होतं.

काटोल, संत्र्याची बाग

ताई, आमच्या घरी कॉम्प्युटर कधी आलाच नाही. डायरेक्ट फोन आला. तुमचा प्रश्न आमच्याकडे उलटा होते.

२०२१पासून ई-पीक पाहणी आम्हीच करून राहिलो. बागेत उभं राहून अ‍ॅप उघडाचं, गट नंबर टाकाचा, झाडाचा फोटो काढाचा, सातबाऱ्यावर नोंद होते. हे काम कॉम्प्युटर करूच शकत नाही, त्याले बागेत कोण नेईन? आंबिया बहाराच्या टायमाले पान पिवळं पडलं तर फोटो काढून कृषी सहायकाले पाठवतो, संध्याकाळपर्यंत उत्तर येते.

अडते ते फॉर्म भरताना. कागद स्कॅन करा, पीडीएफ करा, अन् ती ठरलेल्या केबीच्या आत बसवा. फोनवर मी एका अर्जासाठी दोन रात्री घातल्या. फोटो बारीक केला तर अक्षर दिसत नाही, अक्षर दिसलं तर साइट घेत नाही. शेवटी सेतूवर गेलो. पोट्ट्यानं पाच मिनिटांत करून देल्लं. मी त्याच्या बाजूले उभा राहून पाहिलं, तर त्याचा सारा खेळ उजव्या हातातल्या माउसचा होता.

गांधीबाग, कापडाच्या पेढीवर हिशेब

फोनवर टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, पाहता येतं, मालक रात्री घरून थकबाकी पाहतात. पण दोनशे बिलं चढवायची तर नंबरपॅडच हवा. माझी उजव्या हाताची बोटं आकड्यांकडे न बघता चालतात, डोळे बिलावर असतात. काचेवर बोटाला पाचच्या कळेवरचा उंचवटा लागत नाही, मग प्रत्येक आकड्याला मान वर करावी लागते.

दुसरी गोष्ट डिजिटल सहीची. एकट्याच्या मालकीची पेढी असेल तर जीएसटीचं विवरण ओटीपीवर जातं, फोन पुरतो. कंपनी असली की डीएससी, म्हणजे डिजिटल सही, लागते आणि ती ज्यात असते तो डोंगल कॉम्प्युटरलाच जोडावा लागतो. आमच्याकडे दोन कंपन्या आहेत, म्हणून कॉम्प्युटर हलणार नाही.

नंदनवन, सध्या इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

अकरावी-बारावीचा माझा सगळा अभ्यास फोनवर झाला. बाबांनी हप्त्यावर घेऊन दिला होता. व्हिडिओ त्यावर, टेस्ट त्यावर, शंका त्यावर. घरी दुसरं काही नव्हतं आणि मला त्याची कमी कधी जाणवली नाही.

जानेवारीत जेईई मेनला बसलो तेव्हा समोर मोठा पडदा आणि उजवीकडे माउस. शाळेत लॅब होती, पण एका मशीनवर चौघं, माउस नेहमी दुसऱ्याच्या हातात. आकड्याची उत्तरं असलेल्या प्रश्नांना कीबोर्ड चालत नाही, पडद्यावरच्या आकड्यांवर माउसने एकेक क्लिक करावं लागतं. मी पहिल्या दहा मिनिटांत दोनदा पडद्यालाच बोट लावलं. शेजारची मुलगी झरझर पुढे जात होती. मला फिजिक्सचं उत्तर येत होतं, पण तो बाण मला हव्या त्या जागी थांबत नव्हता. हात घामाने ओला झाला होता, जानेवारीत.

एप्रिलच्या परीक्षेआधी मित्राच्या काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात रोज दुपारी एक तास बसलो. तेव्हा गिऱ्हाईक नसतं. ही परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या साइटवरचे सराव पेपर फक्त माउसने सोडवले. पहिला आठवडा मी गणित केलंच नाही, नुसता बाण चालवला. मार्क बरे वाढले. त्यातले किती अभ्यासाचे आणि किती माउसचे ते मला वेगळे करता येणार नाहीत.

मॅडम, तुमच्या वर्गात ज्यांच्या घरी फक्त फोन आहे अशी मुलं असतील. तुमचा जुना डेस्कटॉप काहीही झालं तरी फेकू नका. त्यांना आठवड्यातून अर्धा तास त्यावर बसू द्या.

निवृत्त शिक्षिका, वर्धा रोड

पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी दर नोव्हेंबरला रांग लावायचे. अंगठा घासला गेलाय, मशीन घेत नसे, चार-चारदा लावावा लागे. २०२१पासून चेहऱ्यावरून होतं. नातवाने फोन समोर धरला, डोळे मिचकवायला सांगितलं, झालं. मला कॉम्प्युटरची गरज होती ती एवढ्यापुरतीच.

धरमपेठ, बँकेत नोकरी, जन्मतः दृष्टिहीन

माझ्यासाठी पडदा लहान की मोठा हा प्रश्नच नाही, मला दोन्ही दिसत नाहीत. फरक कळांचा आहे.

ऑफिसात एनव्हीडीए वापरतो. पडद्यावरचं वाचून दाखवणारं हे स्क्रीन रीडर फुकट आहे आणि २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या एका दृष्टिहीन तरुणाने ते लिहायला घेतलं. एक्सेलमध्ये बाणाच्या कळेने एक घर खाली गेलो की रक्कम कानात, उजवीकडे गेलो की तारीख कानात. तक्ता माझ्या डोक्यात उभा राहतो, आडवा-उभा, जसा तुम्हाला दिसतो तसा. फोनवर तसंच टॉकबॅक आहे, चांगलं आहे, पण बोट सरकवत एकामागून एक गोष्ट ऐकायची. तीनशे ओळींच्या तक्त्यात मी कुठे आहे ते हरवतं.

आता दुसरी बाजू. रिझर्व्ह बँकेने २०२०च्या जानेवारीत मणी नावाचं अ‍ॅप काढलं. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की किती रुपयांची ते सांगतं. ऑटोवाल्याने दिलेली नोट मी उतरण्याआधी तपासतो. पूर्वी विश्वासावर खिशात टाकायचो. हे कोणताही डेस्कटॉप मला देऊ शकला नसता. एक निवडा असं कोणी म्हणालं तर मी निवडणार नाही, मला दोन्ही लागतात.

मिहान, सॉफ्टवेअर

मी ठरवून करून पाहिलं. सॅमसंगच्या वरच्या फोनांत २०१७पासून डेक्स आहे. फोन मॉनिटरला जोडला की डेस्कटॉपसारख्या खिडक्या उघडतात. कीबोर्ड-माउस ब्लूटूथचे. मार्च छान गेला. मेल, कागदपत्रं, ब्राउझर, मीटिंग, काही अडलं नाही. मला वाटलं आता सुटलो.

एप्रिलच्या शेवटी पारा ४४च्या वर गेला. घरी कूलर आहे, एसी नाही. फोन एकीकडे चार्ज होतोय, एकीकडे मॉनिटर चालवतोय आणि त्यात पंखा नसतो. दुपारी दोननंतर तो हाताला पोळायचा, मग आपसूक हळू व्हायचा, मग चार्जिंगच थांबवायचा. अ‍ॅपल तर आयफोन-आयपॅडसाठी भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंतच ठेवा असं सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात ३५ रात्री नऊलाही असतं. लॅपटॉपही तापतो, पण पंखा घरघरत का होईना काम संपवू देतो.

आणि याच काळात कोणाचा फोन आला की सगळं सोडून तोच कानाला लावायचा. हे मी आधी धरलंच नव्हतं.

सक्करदरा, आईच्या आठवणी लिहून काढते आहे

आई ७८ वर्षांची. लिहायला हात थरथरतो. मराठीत बोलून टाइप करायची सोय फोनवर २०१७पासून आहे, म्हणून वाटलं आईने बोलावं आणि फोनने लिहावं. पहिल्या दिवशी ती बोलली, "माह्या बापानं मले बैलबंडीत बसवून आणलं." पडद्यावर आलं, "माझ्या बापाने मला". बैलबंडीचं तर भलतंच काही झालं होतं. मी वाचून दाखवलं. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "हे मी नाही बोलली."

त्यानंतर फोनचं काम एवढंच, आईचा आवाज टिपायचा. रात्री हेडफोन लावून लॅपटॉपवर मी टाइप करते, तिच्याच शब्दांत. थांबवायचं, मागे घ्यायचं, परत ऐकायचं. 'काहून'चा 'काहून'च राहतो. आतापर्यंत ६४ पानं झाली. फोन उशाशी ठेवला की ती मोकळी बोलते. लॅपटॉप पुढे मांडला तर आवरून बसते.

प्रतापनगर, छोटासा सल्ला

ताई, २०१४च्या मशीनमध्ये एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, टाका आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली चढवा. नवीन घ्यायच्या आधी एवढं करून पाहा. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, काही पुसलं जात नाही.

पुन्हा मानेवाडा

सगळ्यांचे मनापासून आभार. नंदनवनच्या मुलाचं लिहिणं मी माझ्या वर्गात नाव न सांगता वाचून दाखवलं. किती जणांच्या घरी कॉम्प्युटर आहे विचारलं. २२पैकी सहा हात वर आले. मला हे माहीत असायला हवं होतं, इतके दिवस मी या मुलांना शिकवते आहे.

प्रतापनगरच्या भाऊंचं ऐकलं. एसएसडी बसवली, मिंट चढवलं. जुन्या पेपरांचा फॉन्ट त्यात नेऊन टाकला आणि अक्षरं जशीच्या तशी उमटली. समीकरणं थोडी सरकली आहेत, ती एकेक करून जागेवर आणते आहे. टॅब भाच्याला परत केला. आकृत्यांसाठी मात्र अधूनमधून मागणार आहे, ते त्यालाही सांगितलं.

मशीन आता वर्गाच्या खोलीत, खिडकीपाशी आलं आहे. शनिवारी वर्ग सुटल्यावर चार-चार मुलं अर्धा अर्धा तास बसतात. परवा एका मुलीने पहिल्यांदा माउस हातात घेतला तेव्हा तो उचलून हवेत धरला होता. मी तिचा हात टेबलावर टेकवला. दुसऱ्या अर्ध्या तासाला तिने जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोण काढला आणि एक टोक धरून ओढत राहिली. कोनांची बेरीज बदलतच नाही, हे ती शेजारणीला दाखवत होती.

रविवारी पायथागोरसच्या प्रमेयावर ४० गुणांची चाचणी आहे. पेपर काल रात्री याच मशीनवर तासाभरात झाला. प्रिंटर अजून जोडला जात नाही, म्हणून पीडीएफ फोनवर घेतली आणि चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून २२ प्रती काढून आणल्या.