थंड मे सगळ्यांना सारखा मानवत नाही
'२०२५चा मे गार गेला, बरं झालं' असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. सांगलीतल्या तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागायतदारांना विचारून बघा. एप्रिलात वेलीची खरड छाटणी (जुन्या काड्या काढून नव्या फुटू देणं) झाली की नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड धरतो, आणि त्याला लख्ख ऊन लागतं. नेमकं तेव्हाच आभाळ भरलेलं! मोसमी पाऊस २४ मेलाच केरळात, २६ला मुंबईत, वळीव त्याआधीपासूनच. दिवसाचा पारा उतरवतात तेच ढग रात्री उकाडा धरून ठेवतात. आणि एकाच जिल्ह्यातही फरक असतो. साताऱ्यातच बघा: महाबळेश्वरचा गारवा सुमारे १३५० मीटर उंचीचा, तो दरवर्षीचाच. माण-खटाव पर्जन्यछायेत (डोंगराआडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात), तिथं ढग हटले की लगेच चटका. त्यामुळे तापमान सांगताना नुसता जिल्हा नको, गाव सांगा. आणि अशा मेनंतर द्राक्षबागायतदारांनी ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी काडीत घड धरलाय का ते तपासून घ्याच.