अनाथाश्रमांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदवह्या उघडायच्या की नाही?

वाळवण (धागाकर्ती)

गेलं वर्षभर आपल्याकडच्या जुन्या बालकाश्रमांबद्दल मिळेल ते वाचते आहे. जोतिराव-सावित्रीबाईंचं पुण्यातलं १८६३ चं बालहत्या प्रतिबंधक गृह, पंढरपूरचा १८७५ चा बालकाश्रम, पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्तिसदन, दुष्काळानंतर मिशनांनी उघडलेले आश्रम. या सगळ्या वाचनात संस्थापकांची चरित्रं मिळतात, देणगीदारांची यादी मिळते, कोनशिला कोणी बसवली तेही मिळतं. मूल काही भेटत नाही. ते सकाळी कधी उठायचं, कोणाशेजारी निजायचं, रात्री रडायला लागलं तर कोण उठायचं, याबद्दल दोन ओळी सापडल्या तरी नशीब.

हे माझ्यापुरतं घरचं आहे. माझी पणजी अशाच एका आश्रमात वाढली. १९०० च्या दुष्काळात सापडलेली. तिला आश्रमाने दिलेलं नाव माहीत होतं, आधीचं नव्हतं. सत्तरी उलटल्यावरसुद्धा शेजारच्या देवळातली घंटा वाजली की ती हातातलं काम खाली ठेवून उभी राहायची. आजी म्हणायची, तिला देवाची आठवण होत नव्हती, आश्रमाची होत होती. उठायची घंटा, प्रार्थनेची घंटा, दळणाची, शाळेची, पंगतीची, दिवे मालवायची. सगळं बालपण घंटेवर.

मागच्या वर्षी त्या संस्थेत गेले (नाव मुद्दाम लिहीत नाही). त्या सालची आवक नोंदवही (मुलं दाखल झाल्याची) आहे, कपाटात आहे, पण दाखवता येणार नाही, खासगी आहे, असं उत्तर मिळालं.

माझं म्हणणं सरळ आहे. शंभर वर्षं उलटलेल्या नोंदवह्या वंशजांना आणि अभ्यासकांना खुल्या कराव्यात. त्या मुलांना नवं नाव मिळालं, बरेचदा नवा धर्म मिळाला, आणि वर जन्मभर उपकाराचं ओझं मिळालं. निदान पहिलं गाव तरी परत द्या.

दगडी जिना

तुमच्या पणजीबद्दल वाचून गलबललं. तरीही असहमत, आणि ठामपणे.

तुम्ही यादीत पहिलं नाव घेतलंत तिथूनच सुरुवात करतो. जोतिरावांच्या गृहाची जाहिरात काय होती? विधवांनी इथे गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं हे त्यांच्या मर्जीवर. 'गुप्तपणे' हा शब्द त्या घराचा पाया आहे. तो नसता तर एकही बाई त्या उंबऱ्यावर आली नसती, बाळ विहिरीत गेलं असतं. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भक मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करून काळ्या पाण्याची झाली. त्या खटल्यावरच्या चर्चेने पेटून ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. त्या काळात असं मूल आश्रमाच्या दारात ठेवून जाणाऱ्या बाईने किती भीती पोटात घेऊन ते केलं असेल?

त्या बाईला दिलेला शब्द शंभर वर्षांनी मोडायचा अधिकार कोणाला? ती मेली म्हणून शब्द संपतो का? तिच्या सासरची, माहेरची नातवंडं-पतवंडं आजही त्याच गावात राहतात.

मोडीवाचक

दोघेही वेगवेगळ्या मुलांबद्दल बोलताय, म्हणून वाद जुळत नाहीये.

दगडी जिना म्हणतात ती सोडलेली अर्भकं. त्यांची नोंद म्हणजे खरोखर आईचं गुपित. वाळवण म्हणतात ती दुष्काळातली पोरं. ती चार-सहा-दहा वर्षांची होती, चालत आली होती, स्वतःचं नाव सांगू शकत होती. त्यांच्या बाबतीत कोणी कोणाला गुप्ततेचा शब्द दिलेला नव्हता. त्यांना कोणी टाकलंही नव्हतं, घरचे उपाशी मेले होते.

रमाबाईंचं उदाहरण घ्या. त्यांनी स्वतः १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं ऐकल्यावर त्या तिकडे गेल्या आणि मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगाचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतावर मुक्काम हलवला. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका, स्वयंपाकघरात नेऊन पाहा. माणशी दोन वेळा दोन-दोन भाकऱ्या धरल्या तर दिवसाला आठ हजार भाकऱ्या. तेवढं धान्य निवडायचं, दळायचं, पाणी भरायचं, सरपण आणायचं, भांडी घासायची. बाहेरून आचारी आणून हे चालत नाही. म्हणजे मुलींनीच केलं. शिवाय शेती, गाई-म्हशी, विणकाम, तेलाचा घाणा आणि छापखाना. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जात होतं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं. दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत होत्या. त्या काळी किती घरंदाज बायकांना छापील अक्षर वाचता येत होतं?

म्हणून मला नोंदवही हवी आहे, पण आवक नोंदवहीआधी कोठीची वही हवी. किती शेर ज्वारी, किती डाळ, कोणत्या महिन्यात दूध कमी पडलं. मूल तिथे सापडेल.

शेवटचा बाक

वाळवण, 'उपकाराचं ओझं' हा शब्द खटकला. फार खटकला.

माझे आजोबा भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात शिकले. १९२४ ला सुरू झालेलं ते बोर्डिंग, १९२७ मध्ये गांधीजी येऊन गेले. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. स्वयंपाक मुलांचा, झाडलोट मुलांची, शेतात राबायची मुलं. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आजोबा हे सांगताना दर वेळी थांबायचे. त्यांना ओझं वाटलं नाही, आपलं घर वाटलं.

काम करावं लागलं म्हणून बालपण हिरावलं, हे आजच्या सुखातून सुचतं. त्या काळी घरी असलेलं कुठलं मूल काम करत नव्हतं? गुरं कोण राखायचं, जात्यावर आईसोबत कोण बसायचं? उलट आश्रमात कामासोबत पाटी मिळाली. त्याच काळातल्या ब्राह्मणांच्या गरीब मुलांना वार लावून, माधुकरी मागून शिकावं लागत होतं. त्यांच्यासाठी १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं. रोज वेगळ्या दारात उभं राहण्यापेक्षा एका छपराखाली राबून खाणं केव्हाही मानाचं.

वाळवण

शेवटचा बाक, तुमच्या आजोबांबद्दल आदरच आहे. पण एक प्रश्न विचारते. ते दिवाळीला कुठे जायचे?

घरी जात असणार. बोर्डिंगातल्या बहुतेक मुलांना मागे गाव होतं, आई होती, सुट्टीत कोणीतरी न्यायला येत होतं. माझ्या पणजीसाठी सुट्टी म्हणजे शाळेची घंटा न वाजणारा दिवस, बाकीच्या घंटा तशाच. काम दोघांनीही केलं. तुमच्या आजोबांनी कष्टाचं शिक्षण घेतलं, पणजीला दुसरीकडे जायला जागाच नव्हती. दोन्हीला एक माप लावू नका.

आणि ओझं हा शब्द माझा नाही, तिचा आहे. पाहुणे आले की मुलींना रांगेत उभं करून गाणं म्हणायला लावायचे आणि आधी कशी होती, आता कशी आहे हे सांगायचे. ती आजीला एवढंच म्हणाली होती, "गाणं आवडायचं, पण आधी कशी होते ते सारखं ऐकायला नको वाटायचं."

शेवटचा बाक

दिवाळीचा मुद्दा मान्य. माझ्या लक्षात आला नव्हता. आजोबा जायचे, पायी दोन दिवस.

पण देणगीदारासमोर उभं करण्याबद्दल संस्थाचालकांना दोष देताना एवढं पाहा, की सरकारी अनुदान जेमतेम, पीक बुडालेलं, आणि संध्याकाळी पंगतीला पानं मांडायची आहेत. धोंडो केशव कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी पार्वतीबाई आठवले वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या, त्या काही हौसेने नाही.

इंद्रायणी

मी नवजात बालकांच्या विभागात नर्स आहे, त्यामुळे तान्ह्यांचं बोलते. या धाग्यात सगळे चालत्या-बोलत्या मुलांबद्दल लिहितायत.

आईच्या दुधाशिवाय आलेलं चार दिवसांचं बाळ १९०० साली जगवणं म्हणजे काय, ते कल्पनेत आणा. दूध पाजणारी दाई मिळाली तर ठीक. एरवी गाईचं किंवा शेळीचं दूध, पाणी घालून, बोळ्याने. उन्हाळ्यात ते दूध दोन तासांत नासतं. हगवण लागली की बाळ दोन दिवसांत जातं. दुष्काळातल्या मोठ्या मुलांचंही तेच, उपाशी आतड्याला एकदम अन्न सोसत नाही, वाचवून आणलेली मुलं आश्रमात आल्यावर गेली.

हे फक्त आपल्याकडे नव्हतं. १९१५ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर हेन्री चॅपिन यांनी अमेरिकेतल्या दहा बालसंस्थांचा आढावा मांडला. एक सोडून बाकी सगळीकडे दोन वर्षांखालचं दाखल झालेलं प्रत्येक बाळ दगावलं होतं. इमारती बऱ्या, दूध बरं, तरीही. कारण वीस पाळण्यांमागे एक बाई असेल तर ती पाजू शकते, मांडीवर घेऊन बसू शकत नाही. मांडी हे औषध आहे हे आम्ही आज रोज पाहतो. कमी वजनाचं बाळ आईच्या छातीशी बांधून ठेवलं की सावरतं.

म्हणून माझं मत, वह्या उघडा, आणि आधी मृत्यूच्या वह्या उघडा. कोणाला बदनाम करायला नाही. त्या बाळांची एवढी एकच खूण उरली आहे.

दगडी जिना

इंद्रायणीताई, मृत्यूच्या नोंदींना माझी हरकत नाही. मोडीवाचकांच्या कोठीच्या वहीलाही नाही, ती तर छापावी. माझी हरकत दोन रकान्यांपुरती आहे, 'आणणाऱ्याचे नाव' आणि 'आईचे नाव'. आजच्या दत्तक नियमांतही मुळाचा शोध घ्यायचा हक्क दत्तक गेलेल्या व्यक्तीला स्वतःला आहे, तिसऱ्या कोणाला नाही, आणि जन्मदात्रीने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची संमती लागते. कायद्याने विचार करून घातलेली अट आहे ती.

मोडीवाचक

ती अट जिवंत आईसाठी आहे. शंभर वर्षांनी संमती कोणाकडे मागायची?

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. दुष्काळातल्या मुलांची त्या काळी मोजदाद चालली होती. मिशनने किती घेतली, हिंदूंनी किती वाचवली. लाला लजपतराय १८९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात मध्य प्रांत आणि राजपुतान्यातून मुलं पंजाबात आर्य समाजाच्या आश्रमांत घेऊन गेले, १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. दोन्हीकडची माणसं मनापासून काम करत होती, मला शंका नाही. पण छत्तीसगडकडचं पोर फिरोजपूरला किंवा केडगावला पोचलं की त्याची बोली ऐकणारं कोणी उरत नव्हतं. आईला काय हाक मारायचं तो शब्दही दोन वर्षांत बदलत असणार. आवक नोंदवहीत निदान गावाचं नाव तरी असतं, कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं.

वाळवण

दगडी जिना, तुमच्या अटीचा मी रात्रभर विचार केला. सोडलेल्या अर्भकांच्या बाबतीत मागे घेते. आईचा रकाना झाकलेलाच राहू दे.

पण माझ्या पणजीच्या नोंदीत आईचं गुपित नाही. ती रस्त्याच्या कडेला सापडली होती, दोन लहान भावंडांसोबत, एवढं ऐकून माहीत आहे. भावंडांचं पुढे काय झालं ते नाही. तिथे झाकून ठेवून आपण कोणाला जपतोय?

दगडी जिना

खरं सांगू? त्या रकान्याशेजारी जातीचा रकाना असेल. मला त्याची भीती वाटते. तुमच्यासारखी माणसं गाव शोधायला येतील, पण पुढच्या निवडणुकीत, पुढच्या सोयरिकीत कोणीतरी तोच रकाना शोधायला येईल. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमातही सुरुवातीला प्रवेश ब्राह्मण विधवांपुरता होता. इतकी चांगली माणसंसुद्धा त्या रकान्याला ओलांडू शकली नव्हती. आपण ओलांडलंय असं मला वाटत नाही.

तुमची एक नोंद तुम्हाला मिळावी, याला मी आता नाही म्हणणार नाही. सरसकट खुल्या करायला मात्र अजूनही विरोध.

वाळवण

मला जात नकोच आहे. गाव हवंय, आणि त्या दोघांची नावं. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे. या वेळी अख्खी वही मागणार नाही, फक्त त्या सालची पानं मागेन, त्यांच्याच समोर बसून.

मोडीवाचक

त्या काळची वही मोडीत असण्याची शक्यता बरीच आहे, संस्थेतही कोणाला वाचता येत नसेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी सोबत येतो. भाऊ आणि बहिणीची नोंद सहसा लागोपाठच्या ओळींत करायचे, त्यामुळे एक नाव सापडलं तर वरची-खालची ओळही वाचू.