जुनी सी-क्लास घेतली, चावी एकच मिळाली. दुसरीचं काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पाच आठवड्यांपूर्वी पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून २०१३ची मर्सिडीज सी २२० सीडीआय घेतली. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. वडिलांचं सगळं आयुष्य स्कूटरवर गेलं. त्यांना अशा गाडीत पुढच्या सीटवर बसवायचं, हे फार वर्षांपासून मनात होतं. गाडी छान आहे, तिच्याबद्दल काहीच तक्रार नाही. प्रश्न चावीचा आहे.

पैसे दिले त्या दिवशी हातात एकच चावी पडली. "दुसरी पहिल्या मालकाकडे राहिलीय, आठ दिवसांत कुरिअर करतो," असं सांगितलं. आठ दिवसांनी फोन केला तर मालक परदेशी गेलेत. परवा केला तर म्हणे, "आमच्याकडे मुळात एकच आली होती." एका चावीची तीन उत्तरं झाली. डिलिव्हरीच्या कागदावर चाव्यांच्या संख्येची जागा कोरी आहे आणि त्याखाली माझी सही आहे. आनंदात होतो, वाचलं नाही.

तरी एका चावीवर भागेल असं वाटत होतं. गेल्या मंगळवारी आईला घेऊन तुळजापूरला गेलो. दर्शन घेऊन पार्किंगला आलो तर रिमोट बंद. दार उघडेना. मे महिन्याचं ऊन, आई सत्तरीची, सावलीला एक झाड नाही. पुतण्याने फोनवरून सांगितलं की चावीच्या मागची कळ सरकवली की आतून लोखंडी पातं निघतं. त्या पात्याने ड्रायव्हरचं दार उघडलं, तर लगेच अलार्म कोकलायला लागला आणि आजूबाजूची माणसं आमच्याकडे चोरासारखी बघायला लागली. चावी स्लॉटमध्ये घातल्यावर अलार्म थांबला आणि गाडी चालूही झाली. चावीतला सेल संपला होता, एवढंच. पण ती वीस मिनिटं डोक्यातून जात नाहीत. ही चावी खरंच हरवली असती तर?

घरी आल्यावर दुसरा विचार आला, आणि तो जास्त त्रास देतोय. माझ्या गाडीची एक चालती चावी कुणाकडे तरी आहे. कोण आहे ते माहीत नाही. गाडी जुळे सोलापुरात घरासमोर रस्त्यावरच उभी असते.

नव्या पेठेतल्या एका चावीवाल्याला विचारलं. माणूस सरळ आहे. म्हणाला, "मालक, पातं कापून देतो बघा, दार उघडंल. पण गाडी चालू होणार नाही, उगं पैसे कशाला घालता." पुण्यातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन केला तर आरसी माझ्या नावावर आल्याशिवाय ऑर्डर घेणार नाही म्हणाले. किंमतही चांगलीच पाच आकडी सांगितली. आरसीचा कागद आरटीओत आहे, फॉर्म २९ आणि ३० दिलेत.

जाणकारांना विचारायचं आहे: ही चावी बाहेर करून घ्यावी की कंपनीकडूनच? जी चावी दुसऱ्या कुणाकडे आहे ती बंद करता येते का? आणि विक्रेत्याकडून आता काही वसूल होऊ शकतं का? सोलापुरात कुणी हे केलं असेल तर अनुभव जरूर सांगा.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद: डिझेलवाला

तुमची गाडी २०१३ची, म्हणजे सी-क्लासची डब्ल्यू २०४ ही जुनी पिढी. हे तुमच्या फायद्याचं आहे. या गाडीत चोरीविरोधी जी यंत्रणा आहे तिला एफबीएस ३ म्हणतात. २०१४पासून आलेल्या नव्या सी-क्लासमध्ये एफबीएस ४ आहे, तिची चावी बाहेर करून घ्यायचा नाद सोडायचा, अधिकृत केंद्रच. तुमच्या गाडीला दोन्ही रस्ते मोकळे आहेत.

चावी कशी चालते ते थोडं समजून घ्या, म्हणजे कुणी फसवणार नाही. स्लॉटमध्ये चावी घातली की ती आतल्या इग्निशन स्विचशी इन्फ्रारेड प्रकाशाने बोलते. त्या वेळी चावीला लागणारी वीज स्विचच देतो, म्हणून सेल मेला तरी तुळजापुरात गाडी चालू झाली. स्विचची खात्री पटली की तो स्टिअरिंगचं कुलूप उघडायला सांगतो आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला परवानगी देतो. पातं फक्त दारासाठी आहे, इंजिनाशी त्याचा संबंध नाही. तुमचा चावीवाला शंभर टक्के खरं बोलला.

आता मुख्य गोष्ट. त्या स्विचमध्ये चाव्यांसाठी आठ जागा असतात, आमच्या बोलीत आठ ट्रॅक. कंपनीच्या डायग्नोस्टिक मशीनवर कोणते ट्रॅक वापरलेत आणि कोणते चालू आहेत ते दिसतं. पैसे भरायच्या आधी हे बघून घ्या. कदाचित दोन नाही, तीन चाव्या बनल्या असतील. तुमच्या हातातली सोडून बाकीचे ट्रॅक त्याच मशीनवर बंद करता येतात. एकदा बंद केला की त्या चावीने गाडी चालू होत नाही, कुणीही आणली तरी.

एक लक्षात ठेवा, ट्रॅक बंद केल्याने पातं बंद होत नाही. जुन्या पात्याने ड्रायव्हरचं दार उघडेलच. अलार्म वाजेल, पण उघडेल. त्यामुळे गाडीत पैसे, लॅपटॉप, मूळ कागद ठेवू नका. फारच धाकधूक वाटत असेल तर दाराचं कुलूप बदलावं लागेल, तो वेगळा खर्च.

कंपनीची चावी तुमच्या चासी नंबरनुसार कारखान्यातच कोड होऊन येते. वेळ लागतो, पण डोक्याला ताप नाही. बाहेरचा माणूस आधी स्विचमधला पासवर्ड काढतो, त्यातून नवीन चावीची फाइल बनवतो आणि कोऱ्या चावीत भरतो. काम बरोबर केलं तर चावी तशीच चालते. फक्त ते चालू असताना गाडीच्या बॅटरीला चार्जर लावलाय ना, ते स्वतः डोळ्यांनी बघा. मध्येच व्होल्टेज पडला तर स्विच जाऊ शकतो, आणि मग चावीपेक्षा मोठं बिल येतं. चार्जर लावायचा कंटाळा करणाऱ्याकडून काम करून घेऊ नका.

आणि हे सगळं हातात एक चावी आहे तोपर्यंत करा. एकही चावी नसताना काम वाढतं आणि खर्चही.

प्रतिसाद: सातरस्ता

ऑनलाइन जुन्या मर्सिडीजच्या चाव्या स्वस्तात मिळतात. त्यातली एक घेऊन कोड करून घ्या, निम्म्यात काम होईल.

प्रतिसाद: डिझेलवाला

@सातरस्ता, तसं होत नाही हो. मूळ चावी एकदा एका गाडीला बांधली गेली की तिच्यात दुसऱ्या गाडीचा कोड सरळ भरता येत नाही. ती मोकळी करणारे काही जण आहेत, पण त्या भानगडीत धागाकर्त्यांनी पडू नये असं मला वाटतं. कोरीच घ्यावी.

प्रतिसाद: दावा_बघणारा

मी बरीच वर्षं मोटार विम्याच्या दाव्यांचं काम केलं आहे, म्हणून चावीच्या तंत्रापेक्षा कागदांबद्दल लिहितो.

गाडी चोरीला गेली की विमा कंपनी सगळ्यात आधी ज्या गोष्टी मागते त्यात गाडीच्या सगळ्या चाव्या असतात. एकच दिली तर पहिला प्रश्न येतो, दुसरी कुठे आहे? चावी गाडीतच राहिली होती, निष्काळजीपणा झाला, असे आक्षेप तिथूनच सुरू होतात आणि दावा लोंबकळतो. त्यामुळे आजच विमा कंपनीला ई-मेल करा: गाडी अमुक तारखेला घेतली, विक्रेत्याने एकच चावी दिली, दुसरी मिळालेली नाही, नवी करून घेतो आहे. नवी चावी आली आणि जुना ट्रॅक बंद झाला की त्याच्या बिलाची प्रत पाठवा. हे काही घडायच्या आधी कळवलेलं असलं की पुढे फार उपयोगी पडतं.

पॉलिसी तुमच्या नावावर झाली का? गाडीचं हस्तांतरण झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला अर्ज द्यायचा असतो. हे बरेच जण विसरतात.

काही पॉलिसींत चावी बदलण्याचं वेगळं संरक्षण असतं. पण तुमची चावी पॉलिसी तुमच्याकडे येण्याआधीपासूनच नाही, तेव्हा त्यातून पैसे मिळतील या भरवशावर राहू नका.

प्रतिसाद: बाळेकर

सोपं आहे. पोलिसांच्या पोर्टलवर चावी हरवल्याची ऑनलाइन तक्रार टाका, पावती काढा, काम झालं. लक्ष्मी मार्केटमध्ये पडली म्हणून सांगा.

प्रतिसाद: दावा_बघणारा

@बाळेकर, कृपया असा सल्ला देऊ नका. चावी त्यांच्या हातात कधी आलीच नाही, मग ती लक्ष्मी मार्केटमध्ये कशी पडेल? उद्या दावा उभा राहिला आणि विक्रेत्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर झालेलं बोलणं समोर आलं तर हीच खोटी पावती त्यांच्या गळ्याला येईल. खरं आहे तेच लिहून द्यायचं. विक्रेत्याकडून सही-शिक्क्यासह लेखी घ्या की आम्ही एकच चावी दिली. तो देत नसेल तर त्याचे मेसेज जपून ठेवा, डिलीट करू नका.

प्रतिसाद: कोंडीवाला

एक गोष्ट कुणी बोललं नाही. गाडीवर कर्ज होतं का? काही फायनान्सवाले कर्ज फिटेपर्यंत दुसरी चावी स्वतःकडे ठेवून घेतात. आमच्या ट्रकच्या बाबतीत असंच झालं होतं. कर्ज फिटलं, बोजा उतरवला, पण चावी त्यांच्या कपाटातच राहिली. आम्हीच मागायला विसरलो. परिवहनच्या साइटवर गाडीचे तपशील काढून बघा, बोजा अजून आहे का ते. पहिल्या मालकाचं नाव जुन्या आरसीवर असेलच, त्यांना नीट शब्दांत एक फोन करून बघा. विक्रेत्याच्या तोंडून तीन उत्तरं ऐकण्यापेक्षा मालकाकडून एक ऐकलेलं बरं.

प्रतिसाद: धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवसांत जे झालं ते सांगतो.

@कोंडीवाला, तुमचं ऐकून पहिल्या मालकांना फोन केला. घाबरत घाबरतच केला. वयस्कर गृहस्थ, पुण्यातच आहेत, परदेशी वगैरे कुठे गेलेले नाहीत. कर्ज कधीच नव्हतं. गाडी देताना दोन्ही चाव्या एका काळ्या पाऊचमध्ये घालून विक्रेत्याच्या माणसाच्या हातात दिल्या, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. "माझं नाव सांगा, मी लिहून देतो," असंही स्वतःहून म्हणाले. फोन ठेवल्यावर बरं वाटलं आणि भीतीही वाटली. म्हणजे चावी विक्रेत्याच्या दुकानापासून पुढेच कुठेतरी आहे.

विक्रेत्याला हे कळवलं. तेव्हापासून तो फोन उचलत नाही.

विमा कंपनीला ई-मेल केली, पोच आली. पॉलिसी ट्रान्सफरचा अर्जही दिला. तो खरंच राहिला होता.

रात्री गाडी कारखान्याच्या आवारात लावतोय, वॉचमन असतो. वडील रोज विचारतात, गाडी घरी का नाही आणत. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

चावी कंपनीकडूनच करायचं ठरवलंय. बाहेरचं काम वाईट म्हणून नव्हे. बिलावर चासी नंबर आणि बंद केलेल्या ट्रॅकची नोंद दोन्ही असेल, आणि विम्यासाठी मला तेच हवंय. आरसी हातात आली की जाईन.

प्रतिसाद: दावा_बघणारा

योग्य निर्णय. मालकांचं पत्र नक्की घ्या, तारीख आणि सहीसकट. त्या पत्राची प्रत आणि नव्या चावीचं बिल जोडून विक्रेत्याला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेवढ्याने विक्रेता हलला नाही तर ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते. म्हणजे विक्रेता पुण्याचा असला तरी तुम्ही सोलापूरच्या जिल्हा आयोगात जाऊ शकता, दर तारखेला अडीचशे किलोमीटर जायची गरज नाही.

प्रतिसाद: डिझेलवाला

जाताना हातातली चावी, आरसी, आधार सगळं मूळ न्या. आणि निघायच्या आधी त्या चावीत नवे सेल टाका. टेंभुर्णीला चहाला थांबलात आणि पुन्हा दार उघडलं नाही, असं नको.

प्रतिसाद: धागाकर्ता

सेल काल टाकले. आरसी आज दुपारी मिळाली, एमएच १२चा नंबर तसाच आहे, नाव माझं. सोमवारी पहाटे पाचला निघतोय, वडिलांना बरोबर घेऊन. वाटेत त्यांना सगळं सांगेन. ट्रॅक किती निघाले ते इथे येऊन लिहितो.