ब्रन्सनने सोडलेले ११ कोटी डॉलर: बरोबर केलं का?

बँकशॉट:
जुलै २०२४ मध्ये बास्केटबॉलपटू जेलन ब्रन्सनने आपल्याच संघाशी, न्यूयॉर्क निक्सशी, ४ वर्षांचा १५ कोटी ६५ लाख डॉलरचा करार केला. वर्षभर थांबला असता तर ५ वर्षांचे जवळपास २७ कोटी पदरात पडले असते. मला हा माणूस मनापासून आवडला. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, सॅलरी कॅप आहे, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा. एकाचाच आकडा फुगला की सातव्या-आठव्या खेळाडूसाठी पैसे उरत नाहीत. टिम डंकनने २०१२ मध्ये पगार निम्म्याहून खाली आणला, २०१४ चं विजेतेपद त्याच्या सॅन अँटोनिओ संघाला मिळालं. ज्याला जिंकायचंय त्याने थोडं सोडावं.

कोपऱ्यातूनतीन:
अजिबात पटलं नाही. बोस्टनचा आयझेया थॉमस आठवा. २०१६-१७ मध्ये सामन्यामागे २८.९ गुण. बहीण अपघातात गेली, दुसऱ्या दिवशी हा प्लेऑफसाठी कोर्टवर. खुबा दुखावलेला, तरी खेळत राहिला. त्याच उन्हाळ्यात त्याला ट्रेड केलं, म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, आणि २०१८ मध्ये किमान पगारावर डेन्व्हरला जावं लागलं. संघ हिशेब बघतो, मग मन मोठं खेळाडूनेच का करायचं? वाचलेला पैसा शेवटी मालकाचाच.

बँकशॉट:
थॉमसचं मलाही फार वाईट वाटलं होतं. पण पैसा मालकांना जातो हे चूक. बास्केटबॉलच्या उत्पन्नातला ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंचा ठरलेला आहे. पगारांची बेरीज कमी भरली तर फरक मालकांनी खेळाडूंना द्यायचा असतो.

कोपऱ्यातूनतीन:
अख्ख्या लीगचा हिशेब तसाच आहे, मान्य. पण पगारखर्च ठरावीक मर्यादेपुढे गेला की संघाला जो दंड, लक्झरी टॅक्स, भरावा लागतो, तो त्या एका मालकाचा वाचतो त्याचं काय?

हाफकोर्ट:
तुम्ही दोघंही नव्या नियमांबद्दल बोलतच नाही आहात. लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०२३ च्या करारातला सेकंड एप्रन, म्हणजे पगारखर्चाची सगळ्यात वरची रेषा, ओलांडली की दोन खेळाडूंचे पगार जोडून ट्रेड करता येत नाही. बोस्टन २०२४ मध्ये जिंकलं आणि २०२५ च्या उन्हाळ्यात जरू हॉलिडे आणि पोर्झिंगिस दोघांनाही सोडावं लागलं. आता प्रत्येक स्टारला विचारणार, ‘ब्रन्सनने केलं, तू का नाही?’

बँकशॉट:
असं विचारणं चूकच. पण त्याने स्वतःहून दिलं ना? निक्सने टाउन्ससारखा मोठा खेळाडू आणला आणि २०२५ मध्ये २५ वर्षांनी कॉन्फरन्स फायनल, म्हणजे लीगच्या अर्ध्या भागाची अंतिम लढत, गाठली.

कोपऱ्यातूनतीन:
नवा करार सुरूच २०२५-२६ पासून होतो. ती फायनल ब्रन्सन जुन्या पगारावर खेळला. आणि शेवटचं वर्ष त्याच्या मर्जीवर आहे, २०२८ मध्ये तो मोकळा होऊ शकतो. तेव्हा निक्स त्याला काय देतात ते बघू. पूर्ण पगार दिला, तर तुमच्याबरोबर मीही टाळ्या वाजवीन.