पाइनच्या फळ्यांवर अक्रोडी स्टेन चट्टेचट्टे उठतोय, आधी काय करावं?

नाशिकची_मेधा
नमस्कार मंडळी. मुलीच्या खोलीसाठी पुस्तकांचं कपाट करतेय. फळ्या पॅकिंगच्या पेट्यांतल्या पाइनच्या. सुतारकाकांनी सांगाडा उभा करून दिलाय, पॉलिश मला स्वतः करायचंय. उरलेल्या तुकड्यावर ८० आणि मग १२० नंबरचा घासायचा पेपर मारून ऑइल बेसचा अक्रोडी स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावून पाहिला. कुठे काळपट चट्टे, कुठे फिकट, आणि फळीचं कापलेलं टोक तर कोळशासारखं काळं. दुकानदार म्हणतो, आणखी दोन हात द्या, सारखं होईल. काका म्हणतात, आधी सीलर मारा. कोणाचं ऐकू? वरून पीयू (पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर) मारायचा आहे.

घासकाम
१२० वर थांबलात म्हणून. ४०० पर्यंत घासा, लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालं की रंग सारखा बसतो.

पॉलिशवाला_सदाशिव
मेधाताई, काकांचं ऐका, पण सीलर डब्यातून काढून तसाच जाड मारू नका. दोन हात जास्त दिले तर फिकट जागा गडद होईल आणि गडद जागा आणखी काळी. फरक राहतोच. आमच्या घरात वडिलांपासून पॉलिशचं काम आहे, आणि हल्ली पाइनची कामं वाढल्यापासून हीच तक्रार सगळ्यात जास्त ऐकतो.

पाइनमध्ये झाड जोमाने वाढतं तेव्हाचा पट्टा मऊ असतो, वाढ मंदावते तेव्हाचा टणक. कोऱ्या फळीत टणक पट्टा गडद दिसतो. स्टेन मारला की मऊ पट्टा रंग पिऊन काळा होतो, टणक कोराच राहतो, आणि रेषांची सगळी नक्षी उलटी होते. टोकाला लाकडाच्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात, म्हणून तिथे सगळ्यात जास्त पितं. सागाला हा त्रास फारसा नाही, त्यामुळे सागावर हात बसलेल्या चांगल्या कारागिराचाही पाइनवर अंदाज चुकतो.

पेटीच्या फळीवरचा शिक्का आधी बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेलं लाकूड. ‘एमबी’ असेल तर ते मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीचं, मुलीच्या खोलीत ती फळी नकोच. एचटीमध्ये लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं ठेवतात. त्याने कीड मरते. फळी वाळलेलीच असेल असं नाही, आणि गाठीतला डिंकही पक्का होत नाही. गाठी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या.

आता घासणं. ८०, १२०, १५०, १८०, मधला नंबर गाळायचा नाही. नेहमी रेषेच्या दिशेने. आडवा ओरखडा कोऱ्या लाकडावर दिसत नाही, स्टेन मारला की उघडा पडतो आणि मग सगळं परत घासावं लागतं. मोबाइलचा टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा धरा, सगळे ओरखडे दिसतील. सपाट भाग १८० वर थांबवा, फक्त कापलेली टोकं २४० पर्यंत न्या. फेविकॉल सांडला असेल तिथे रंग धरणारच नाही. टर्पेंटाइनचं फडकं फिरवलं की तो डाग वेगळा उठून दिसतो. पटाशीने खरवडून काढा.

घासकाम, ४०० ने लाकूड एकूणच कमी पितं, रंग फिका पडतो. पण मऊ आणि टणक पट्ट्यातला फरक त्याने जात नाही.

मग सीलर म्हणून चपड्याचा (लाखेच्या पापुद्र्यांचा) पातळ हात. १ लिटर स्पिरिटला ६० ग्रॅम चपडा, रात्रभर झाकून ठेवा. मेण तळाशी बसतं, वरची निवळ हलक्या हाताने ओतून घ्या. तुमच्या पीयूसाठी हे महत्त्वाचं आहे, कारण मेणावर पीयू नीट धरत नाही. मेण काढलेला चपडा मिळाला तर तोच आणा. सुती कापडाने एक हात, टोकांना दोन. दोनेक तास वाळवून ३२० चा पेपर अगदी हलका फिरवा, धूळ पुसा, मग स्टेन. चार-पाच मिनिटांत जादा रंग पुसून घ्या.

स्पिरिटचा स्टेन यावर चालणार नाही, तो खालचा चपडा विरघळवतो. तुमचा ऑइलचा आहे, चालेल.

रत्नागिरीकर
सदाशिवदादांशी सहमत. एक भर घालतो. पावसाळी हवेत चपडा मारू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि पांढरट छटा येते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हे काम मी घेतच नाही. आणि ऑइल स्टेनची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं, ढिगाला आपोआप आग लागू शकते. एकेक फडकं उघडं पसरून वाळवा.

नाशिकची_मेधा
सर्वांचे खूप आभार. शिक्के पाहिले, सगळ्यांवर एचटी आहे. दादा, चपडा मारल्यावर रंग फिका येईल ना? मला गडद अक्रोडी हवा होता.

पॉलिशवाला_सदाशिव
येईल, थोडा फिका येतो. गडदच हवा असेल तर जेल स्टेन घ्या, तो दाट असतो, आत कमी शिरतो. पण ताई, मनापासून सांगतो, पाइनला मधाळ तपकिरी रंग शोभतो. त्यात गाठी आणि रेषा छान खुलतात, गडद अक्रोडीत त्या बुजतात. दोन्ही करून बघा, पण त्याच पेटीतल्या फळीच्या तुकड्यावर, आणि घासण्यापासून पीयूपर्यंत सगळं पूर्ण करून. पीयू चढला की रंग एक छटा गडद दिसतो, त्यामुळे नुसत्या स्टेनवरून ठरवू नका. पीयू चार दिवस कडक होऊ द्या, मग ब्लेडने फुली मारून त्यावर चिकटपट्टी लावा आणि झटक्याने ओढा. पापुद्रा सुटला नाही तर निर्धास्तपणे कपाटाला हात घाला.